अमूर ससाण्याची परतवाट

नोव्हेंबरच्या अखेरीस लोणावळ्याच्या माळांवर कॅमेरे घेतलेल्या पक्षीप्रेमींची वर्दळ वाढते, ती अमूर ससाण्यासाठी. कबुतराहून लहान, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा शिकारी पक्षी तेव्हा दक्षिण आफ्रिकेकडे निघालेला असतो. एप्रिल-मेमध्ये तोच पक्षी उलट दिशेने भारत ओलांडून ईशान्य चीन, मंगोलिया आणि सायबेरियाच्या आग्नेय भागाकडे जातो. त्या वेळी आपल्याकडे तो थांबल्याच्या नोंदी फारच कमी आहेत. आपण त्याला पाहतो, त्याचे फोटो काढतो ते जातानाच. मला मात्र त्याचा हा उत्तरेकडे परतण्याचा प्रवास अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याच्या शेवटी घरटं असतं.

घरट्यासाठी त्याच्याकडे वेळ थोडा असतो. उत्तरेतला उन्हाळा छोटा. अमूर ससाणा स्वतः घरटं बांधत नाही. मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याची जुनी घरटी तो वापरतो. तीन-चार अंडी, सुमारे महिनाभर उबवणं, आणखी महिनाभर पिलांना भरवणं, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा निघायचं. मेमध्ये पोहोचायला उशीर झाला तर हे सगळं वेळापत्रकच कोलमडतं.

या परतीच्या वाटेबद्दल पूर्वी बहुतेक अंदाजच होते. २०१० मध्ये जर्मन संशोधक बर्न्ड-उलरिख मायबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या न्यूकॅसल गावाजवळ काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग, म्हणजे पक्षी कुठे आहे हे उपग्रहामार्फत कळवणारी छोटी यंत्रं, बसवले. भारतातलं काम एका भयंकर घटनेनंतर सुरू झालं. २०१२ च्या शरदात नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज पुढे आला. त्यानंतर गावकरी, चर्च, वन विभाग आणि संस्था एकत्र आल्या आणि पुढच्याच वर्षी तिथली शिकार थांबली. इतक्या थोड्या काळात एखाद्या समाजाने आपली सवय बदलल्याचं असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि हंगेरीच्या तज्ज्ञांनी तिथे तीन ससाण्यांना टॅग लावले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे त्याच शिकारीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या गावाचं नाव.

टॅगचं वजन पाच ग्रॅम. पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपुढे ओझं जाऊ नये असा संकेत असल्याने यंत्र करणाऱ्यांची इथे कसोटी लागते. टेफ्लॉनच्या मऊ पट्ट्यांनी ते पाठीवर बांधतात. वर इवलीशी सौर पट्टी असते.

हा टॅग ठरावीक अंतराने छोटा रेडिओ संदेश सोडतो. शेकडो किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह तो टिपतात. फलाटावरून धडाडत जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, तसाच बदल या संदेशाच्या वारंवारतेतही होतो. तो बदल कसा होत गेला यावरून टॅगची जागा गणिताने काढतात. फ्रान्स आणि अमेरिकेने उभारलेली ही 'आर्गोस' यंत्रणा १९७८ पासून चालू आहे. इवल्या बॅटरीला चार्ज होऊ देण्यासाठी टॅग काही तास बोलतो आणि मग दोन-दोन दिवस गप्प राहतो. त्यामुळे एका संदेशात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ असलेला ससाणा पुढच्या संदेशात थेट भारताजवळ सापडू शकतो.

मधला टप्पा अरबी समुद्राचा, अडीच-तीन हजार किलोमीटरचा. गरुड, गिधाडं अशा मोठ्या पक्ष्यांना उडायला गरम हवेचे चढते झोत लागतात. पाण्यावर ते नीट मिळत नाहीत, म्हणून ते शक्यतो समुद्र टाळतात. ससाणा पंख मारत उडतो, रात्रीही थांबत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्रावरचे वारे नैऋत्येकडून वाहू लागतात. जे वारे पुढे आपला पाऊस आणतात, त्यांच्या सुरुवातीच्या झुळकांचा आधार या पक्ष्याला मिळतो. पुढे भारत, ईशान्येच्या टेकड्या, म्यानमार आणि मग चीन.

आता टॅगवर नजर ठेवणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. पक्षी पोहोचला हे कसं ओळखायचं? रोज शेकडो किलोमीटर पुढे सरकणारे ठिपके एका भागात दाटू लागतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात, ही पहिली खूण. पण मेलेल्या पक्ष्याचे ठिपकेही एकाच जागी राहतात. २०१८ मध्ये मणिपूरमध्ये टॅग लावलेला एक ससाणा काही दिवसांतच मारला गेला होता. म्हणून टॅगमधली हालचालीची नोंद, तापमान आणि बॅटरीचा विद्युतदाब पाहावा लागतो. पक्षी हलता असेल तर हालचालीचा आकडा बदलत राहतो आणि पंख-पिसांतून ऊन मिळून बॅटरीही वरखाली होते. टॅग पालथा पडला, तर चार्जिंग बंद पडतं.

दुसरी अडचण अचूकतेची. आर्गोसच्या उत्तम ठिपक्यातही दोन-अडीचशे मीटरची चूक राहते, कमी प्रतीच्या ठिपक्यात दीड किलोमीटरहून जास्त. त्यामुळे परिसर कळतो, झाड कळत नाही. त्या झाडापर्यंत जायचं तर जमिनीवरच्या माणसांनीच शेतांच्या कडेच्या झाडांत मॅगपायची घरटी शोधत फिरायला हवं. हे काम वर्षानुवर्षं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. जिथे पिलं वाढतात त्या शेतांत किती कीटक उरले आहेत, जुनी झाडं उभी आहेत का, हे कोणताही उपग्रह सांगू शकत नाही. नागा आणि पांगती २०१४ च्या उन्हाळ्यात उत्तरेला राहून त्याच शरदात पुन्हा नागालँडकडे आले. त्यांना तिथे निर्धोक उतरता आलं ते दोयांगच्या लोकांनी जाळी काढून टाकल्यामुळे. उत्तरेतल्या त्या शेतांमध्ये, मॅगपायच्या घरट्यांखाली, अशी काळजी घेणारी माणसं हवीत.