वाचताना डोळ्यांआड होणारं व्याकरण

माझी भाची नर्सिंग पूर्ण करून आता परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेची तयारी करते आहे. गेल्या महिन्यात ती वही घेऊन आली. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाच्या धड्याखाली वीस रिकाम्या जागा होत्या, त्यातल्या अठरा बरोबर. पुढच्याच पानावर तिने वॉर्डातल्या एका आजीबाईंवर इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यात प्रेझेंट परफेक्ट तीन ठिकाणी हवा होता आणि एकाही ठिकाणी नव्हता. "मावशी, नियम मला झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन. मग लिहिताना तो जातो कुठे?"

इंग्रजीच्या मधल्या पायरीवर थांबलेल्या कितीतरी जणांचा हा प्रश्न आहे. बातमी साधारण कळते, कामापुरतं बोलता येतं, पण चुका वर्षानुवर्षं त्याच. १९७२ साली लॅरी सेलिंकर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने शिकणाऱ्याच्या डोक्यात तयार होणाऱ्या या भाषेला 'आंतरभाषा' अशा अर्थाचं नाव दिलं. ती मातृभाषाही नसते आणि शिकायची भाषाही नसते. तिचे स्वतःचे नियम असतात आणि ते बऱ्यापैकी पक्के असतात. त्यातल्या काही चुका इतक्या मुरतात की सेलिंकरने त्यांना जीवाश्मांची उपमा दिली.

नियम सांगता येणं आणि तो वेळेवर हाताशी येणं या दोन निराळ्या क्षमता आहेत. नॅन जियांग या संशोधकाचा २००४ सालचा प्रयोग हे फार स्पष्ट दाखवतो. इंग्रजी चांगलं येणाऱ्या चिनी भाषकांना त्याने पडद्यावर एकेक शब्द, ज्याच्या-त्याच्या वेगाने वाचायला दिला. काही वाक्यांत अनेकवचनाची चूक मुद्दाम ठेवली होती. मातृभाषा इंग्रजी असलेले वाचक त्या चुकीपाशी क्षणभर अडखळले. चिनी वाचक अडखळलेच नाहीत. चिनी भाषेत नामाला इंग्रजीसारखा अनेकवचनाचा प्रत्यय सक्तीने लागत नाही. नियम त्यांना शिकवलेला होता, पण वाचनाच्या ओघात तो कामाला येत नव्हता.

त्याच २००४ साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून नेमकी उलट बाजू पुढे आली. फ्रेंच नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तिथे मोजल्या. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर, पडद्यावर दिसलेला शब्द खरा फ्रेंच की बनावट, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांची उत्तरं छापा-काट्याइतकीच बरोबर येत होती. मेंदूच्या लहरी मात्र खऱ्या आणि बनावट शब्दांना वेगवेगळा प्रतिसाद देत होत्या. म्हणजे आपल्याला पत्ता लागण्याआधीच मेंदूची नोंदवही सुरू झालेली असते. हा निष्कर्ष मी शिकणाऱ्यांना आवर्जून सांगते, कारण 'मला काही येत नाहीये' असं वाटण्याच्या दिवसांतही आत काम चालू असतं.

मग मधल्या पायरीवर व्याकरण नोंदवहीत का उतरत नाही? एक कारण डोळ्यांत आहे.

वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती उड्या मारते. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते आणि दोन उड्यांच्या मध्ये नजर सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद थांबते. पण ती प्रत्येक शब्दावर थांबत नाही. आशय सांगणाऱ्या शब्दांवर ती साधारण ८५ टक्के वेळा थांबते, तर 'द', 'ऑफ', 'टू' अशा व्याकरणाच्या बारक्या शब्दांवर ३५ टक्के वेळाच. कुशल वाचकाला ते चालतं, कारण उडी मारलेला शब्दही त्याला कडेने दिसतो आणि तिथे तोच असणार हे आधीच ठाऊक असतं. शिकणाऱ्याची नजर जे ओलांडते ते त्याच्यासाठी तिथे नसल्यातच जमा होतं.

दुसरं कारण अर्थाची घाई. बिल व्हॅनपॅटन या अभ्यासकाने ते नेमकं मांडलं आहे: मेंदू आधी आशयाच्या शब्दांतून अर्थ घेतो आणि तेवढ्यावर भागलं तर व्याकरणाकडे वळत नाही. वाक्यात 'यस्टरडे' आलं की काल घडलेली गोष्ट आहे हे कळलंच; क्रियापदाच्या शेवटी 'ईडी' आहे की नाही हे बघायची गरज उरत नाही. रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये पाच महिने राहून पोर्तुगीज शिकताना रोजनिशी लिहिली आणि स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. आसपास सतत कानावर पडणारी रूपंसुद्धा, 'अरे, हे लोक असं म्हणतात' अशी लक्षात येईपर्यंत त्याच्या बोलण्यात येत नव्हती, असं त्यात दिसून आलं.

मराठी माणसाच्या बाबतीत 'अ' आणि 'द' ही याची ठळक उदाहरणं. आपल्या भाषेत आर्टिकल नाही, म्हणून ती कल्पनाच आपल्याला परकी आहे, असं शिकवलं जातं. मला ते पटत नाही. ही दोन वाक्यं बघा: 'मी कामवाली शोधतेय' आणि 'मी कामवालीला शोधतेय'. पहिल्या वाक्यातल्या बाईंना घरात कामासाठी कोणीतरी हवं आहे, कोणीही चालेल. दुसऱ्या वाक्यातली बाई ठरलेली आहे, आत्ता इथेच होती आणि दिसत नाहीये. हा सगळा फरक एका 'ला'ने केला. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ' येईल, दुसऱ्या ठिकाणी 'द'. 'ठरलेलं' आणि 'कुठलंही' हा भेद मराठी मूल शाळेत जायच्या आधीपासून करतं. आपण तो सगळ्या नामांवर करत नाही, इतकंच. विद्यार्थ्यांना बारा नियमांची यादी देण्याआधी हे 'ला' दाखवलं तर निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

काळांचंही तसंच. 'आलोच' असं ओरडणारा माणूस अजून आलेला नसतो, 'चला, निघालो' म्हणणारा अजून दारातच असतो. क्रियापदाचं रूप आणि घड्याळातली वेळ यांचा सांधा प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने जुळवते. 'हा सिनेमा मी गेल्या वर्षी बघितला आहे' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत प्रेझेंट परफेक्टला 'गेल्या वर्षी' असा सरून गेलेला काळ सोबत चालत नाही. आपली चूक अडाणीपणाची नसते, ती चांगल्या मराठीची असते.

भाचीला मी रिकाम्या जागा भरणं थांबवायला सांगितलं नाही, पण सोबत एक काम दिलं. सोप्या इंग्रजीतला चार-पाच ओळींचा परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल तसा तो लिहून काढायचा आणि मग मूळ मजकूर शेजारी ठेवून शब्दाला शब्द ताडून बघायचा. पहिल्या दिवशी मूळ वाक्य होतं, 'शी हॅज लिव्ड इन द सेम हाऊस फॉर ट्वेंटी इयर्स.' तिने लिहिलं, 'शी इज लिव्हिंग इन सेम हाऊस सिन्स ट्वेंटी इयर्स.' अर्थ पूर्ण उतरला होता. फरक तीन, आणि तिन्हींच्या मागे एकच मराठी वाक्य: 'ती वीस वर्षांपासून त्याच घरात राहते आहे.' 'राहते आहे'चं 'इज लिव्हिंग' झालं, 'पासून'चं 'सिन्स' झालं, आणि 'त्याच' या शब्दातच ठरलेपण आल्यामुळे 'द' गळून गेला. वाचताना तिच्या डोळ्यांसमोरून मूळ वाक्यातली तिन्ही रूपं दोनदा गेली होती. आपल्या वाक्यात ती नाहीत हे तिला लिहिल्यावर दिसलं. श्मिट ज्या लक्षात येण्याबद्दल बोलतो ते इथे वहीच्या पानावर घडतं.

या कामाचा दुसरा फायदा आठवण्याचा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के उरलं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुन्हा वाचल्यावर जे 'येतंय' असं वाटतं ते पुष्कळदा नुसतं ओळखीचं झालेलं असतं.

रिकाम्या जागांच्या स्वाध्यायातही एक खोट असते. धड्याचं नाव 'प्रेझेंट परफेक्ट' आणि खाली वीसही वाक्यं त्याचीच. कुठला काळ हवा, हा खरा निर्णय शीर्षकानेच घेऊन टाकलेला असतो. उरतं ते क्रियापदाचं तिसरं रूप घालणं. नाकाता आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाला एकेका मुद्द्याचे स्वाध्याय सलग दिले, दुसऱ्याला पाच मुद्दे एकमेकांत मिसळून. सरावात मिसळलेल्या गटाच्या चुका जास्त झाल्या. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र तोच गट पुढे होता. भाचीच्या अठरा गुणांचं कोडं मला इथे सुटतं. तिने आता चार धड्यांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली आहेत आणि हाताला येईल ती सोडवते. गुण कमी पडतात म्हणून ती पहिल्या दिवशी खट्टू झाली होती.

आता वाचायचं काय? हा खालचा मजकूर वाचून बघा.

'सकाळी आजीने अंगणात फिरकाळी ठेवली आणि आम्हाला भिंदळायला सांगितलं. दुपारपर्यंत सगळी मळशी उडून गेली, म्हणून बाबा बाजारातून चोंडर आणायला गेले.'

वीस शब्द, त्यातले चार मी बनवलेले. म्हणजे ८० टक्के शब्द तुम्हाला येतात, तरी अंगणात काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. फिरकाळी स्त्रीलिंगी आहे, भिंदळणं ही क्रिया आहे, मळशी उडते, इतकं मात्र कळलं, आणि ते व्याकरणाने कळवलं. ओळख नसलेल्या शब्दाला वाक्यात जागा कुठे ते व्याकरण दाखवतं, पण अर्थ भरायला आजूबाजूचे पुरेसे शब्द ओळखीचे लागतात. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २०००च्या सुमारास गोष्टीत असेच बनावट शब्द घालून हे तपासलं. ८० टक्के ओळखीच्या शब्दांवर कोणालाच गोष्ट पुरेशी कळली नाही. मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी शब्द.

हा पन्नासात एकचा आकडा आपल्या उपखंडात त्याआधी पाऊणशे वर्षं सांगितला गेला होता. ढाक्यात शिक्षकांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले मायकेल वेस्ट बंगाली मुलांना इंग्रजी कसं शिकवावं याचा अभ्यास करत होते. मुलांना मिळणाऱ्या वाचनात नवे शब्द फार दाटीने येतात, म्हणून ती वाचतच नाहीत, असं त्यांचं निरीक्षण. १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी पन्नास शब्दांमागे एक नवा शब्द ही मर्यादा मांडली आणि त्या मापाने वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आजच्या सोप्या इंग्रजीतल्या पुस्तकांची मुळं तिथवर जातात. मधल्या पायरीवरच्या मुलांच्या हाती थेट इंग्रजी अग्रलेख देणाऱ्यांनी वेस्ट यांचं हे काम जरूर बघावं, असं मला मनापासून वाटतं.

घरी मोजायला सोपं आहे. पुस्तकाच्या एका पानावर साधारण अडीचशे शब्द धरा. वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत एका हाताची पाचही बोटं मिटून सहावं लागलं, तर ते पुस्तक अजून थोडं थांबू दे. भाचीने असं एक जाडजूड पुस्तक वाचनालयाला परत केलं आणि लहान मुलांच्या कपाटातलं एक आणलं.

गेल्या रविवारी तिने आजीबाईंवरच्या त्याच दहा ओळी जुनी वही न उघडता पुन्हा लिहिल्या. तीनपैकी दोन ठिकाणी प्रेझेंट परफेक्ट आला होता. तिसऱ्या ठिकाणी आला नव्हता, पण तिथलं 'सिन्स' तिने स्वतःच खोडून वर 'फॉर' लिहिलं होतं.