कुलूप, कॅरम आणि 20 ठसे

नौपाड्यात आमच्या शेजारी राहणारे काका परवा वीजबिलाच्या एका लिंकवर पैसे भरायला निघाले होते. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा मेसेज आला होता. ऐन ओटीपीच्या वेळी लिफ्टमध्ये रेंज गेली म्हणून वाचले. वर आले ते माझ्यावरच उखडले, "अरे, कुलूप होतं की वरती! तूच म्हणाला होतास ना, कुलूप बघून मगच पुढे जा म्हणून?"

म्हणालो होतो खरा. चूक माझीच.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या त्या कुलपाच्या चित्राचा अर्थ एवढाच, की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही, आणि वर दिसतोय तो पत्ता त्याच साइटचा आहे. त्या पत्त्यावर कोण राहतं, हे कुलूप सांगत नाही. भामट्याच्या दारालाही कुलूप असतंच, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र (हा पत्ता याच साइटचा, असा डिजिटल दाखला) काही मिनिटांत फुकट मिळतं. हाच गैरसमज पाहून गूगलने 2023 मध्ये क्रोममधलं कुलूप काढून टाकलं. काकांचा फोन जुना.

त्याहून वाईट म्हणजे प्रमाणपत्र देणाराच फसला तर? 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं वाजलं. 2014 मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतूनही गूगलच्या पत्त्यांची भलतीच प्रमाणपत्रं बाहेर पडली होती.

यावर उपाय म्हणून आणखी मोठा साहेब नेमला नाही. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र चारचौघांत उघड्या वहीत लिहायचं ठरलं. वह्या अनेक, निरनिराळ्या संस्थांनी ठेवलेल्या. 2018 पासून क्रोम अशी नोंद नसलेलं नवं प्रमाणपत्र मानत नाही. पण वहीवाल्यानेच मागचं पान फाडलं तर? इथे येतो माझा लाडका मर्कल वृक्ष. संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी 1979 मध्ये तो मांडला.

आधी 'हॅश' म्हणजे ठसा समजून घेऊ. कितीही मजकूर घाला, एसएचए-256 नावाचं गणित त्याचा 256 बिटांचा ठसा काढतं. 'ठाणे'चं 'ठाणें' केलंत तरी साधारण निम्मे बिट बदलतात. एकच ठसा असलेले दोन मजकूर अजून कुणालाही सापडलेले नाहीत.

आता सोसायटीच्या गणपतीतली कॅरम स्पर्धा आठवा, नोटीस बोर्डावर लावलेला बाद फेरीचा तक्ता. खाली आठ नावं, मग चार चौकटी, मग दोन, वर एक. आपण खाली नावांऐवजी वहीतल्या आठ नोंदींचे ठसे मांडायचे, आणि वरच्या चौकटीत विजेत्याचं नाव लिहायचं नाही, खालच्या दोन ठशांना जोडून काढलेला नवा ठसा लिहायचा. सगळ्यात वरचा ठसा म्हणजे मूळ. (आमचं झाड उलटं, मूळ वर.) तिसऱ्या क्रमांकाची नोंद वहीत आहे हे पटवायला किती ठसे लागतील? चौथ्याचा, पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीचा आणि उरलेल्या चौघांचा. फक्त तीन! नोंदी दहा लाख असल्या तरी 20 ठसे पुरतात, म्हणजे 640 बाइट. कुठलीही जुनी नोंद खोडली, तर बदल फेरीगणिक वर चढत मुळापर्यंत जातो आणि चोरी उघडी पडते. कालचं मूळ आजच्या झाडात जसंच्या तसं सामावलंय, हेही अशाच मोजक्या ठशांनी सिद्ध होतं. मात्र वहीवाल्याने तुम्हाला एक मूळ आणि मला दुसरं दाखवलं, तर आपण दोघांनी मुळं एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. तिथे गणित संपतं आणि शेजारधर्म सुरू होतो.

महापे-ऐरोलीकडे दसऱ्याला सर्व्हरला झेंडूची माळ घालतात, तिला माझी हरकत नाही. पण 'ब्लॉकचेन' (अशाच ठशांनी नोंदी एकमेकींना साखळीसारख्या बांधणारी वही) हा शब्दही तसाच माळेसारखा कशालाही घालतात, त्याला आहे. मध्यंतरी एक विक्रेता सोसायटीचा मेंटेनन्स ब्लॉकचेनवर न्यायला आला होता. खोटा आकडा लिहिला तर काय होईल, असं विचारलं. म्हणाला, तो कुणालाच बदलता येणार नाही!

काकांच्या त्या साइटचा पत्ता मी या उघड्या वह्यांमध्ये शोधला. प्रमाणपत्राची नोंद अगदी व्यवस्थित सापडली, मेसेजच्या आदल्याच दिवसाची.