गावठी कोंबड्यांचे राणीखेत लसीकरण आणि बालपोषण

राणीखेत म्हणजेच मानमोडी या विषाणुजन्य रोगापासून परसातील कोंबड्या वाचवून घरच्या लहान मुलांच्या ताटात अंडी-मांस वाढावे, यासाठी रूढ झालेली पद्धत.

हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे, आणि लगोलग कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला. जगाने न्यूकॅसलचे नाव उचलले. भारतात राणीखेतचे टिकले. मर आली की काही दिवसांत खुराडे रिकामे होते. लसी होत्या, पण त्यांना सतत थंडावा लागे. शिवाय एका कुपीत शेकडो मात्रा, आणि घरटी कोंबड्या जेमतेम आठ-दहा. क्वीन्सलंड विद्यापीठातील पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता बऱ्यापैकी सोसणारी ‘आय-२’ लस विकसित केली आणि तिचे मूळ बीज, म्हणजे लस बनवण्यासाठीचा मूळ विषाणू, गरीब देशांतील प्रयोगशाळांना विनामूल्य मिळाले. पिलू असो की कोंबडा, दर चार महिन्यांनी डोळ्यात एकच थेंब. गावातलीच शिकवलेली माणसे, बऱ्याच ठिकाणी बायका, अल्प पैसे घेऊन तो टाकतात.

ही पद्धत गावोगाव नेण्यात ऑस्ट्रेलियन पशुवैद्य रॉबिन आल्डर्स यांचा वाटा मोठा आहे. झांबियात अध्यापन, मग मोझांबिक व टांझानियात मानमोडीचे नियंत्रण आणि पुढे सिडनी विद्यापीठातून अन्न व पोषणसुरक्षेचे संशोधन, असा त्यांचा प्रवास. २०११ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ सन्मान मिळाला. टांझानियातील मन्योनी जिल्ह्यात त्यांच्या चमूने कोंबड्यांच्या लसीकरणासोबत मुलांची उंचीही मोजली. पशुवैद्यकाच्या चाकोरीत हे सहसा बसत नाही.

कोंबडी वाचली म्हणून अंडे मुलाच्या तोंडी पडतेच असे नाही. ते खुडूक कोंबडीखाली ठेवले जाते, किंवा विकून मीठ-साबण येतो. यात चूक काहीच नाही, कोंबडी ही घरातल्या बाईची पुंजीच. अंड्याच्या गुणाविषयीचे पुरावेही एकसारखे नाहीत. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर खुरटलेपण बरेच घटले (२०१७). मलावीत तसाच प्रयोग झाला, पण उंचीत फरक पडला नाही. तिथली मुले आधीपासून मासे खात होती. पश्चिम केनियातील चाचणीत मात्र अंडी वाटलीच नाहीत, फक्त कोंबड्यांना लस दिली. त्या घरांतील मुलांच्या आहारात प्रथिने वाढली आणि वाढही सुधारली (२०२२).