लीगॅलिझम (ख्रिस्ती विश्वासातला नियमवाद)

देवाच्या कृपेनं जे फुकट मिळतं ते नियम पाळून कमवायला निघणं, आणि मग कोणी किती पाळले यावरून स्वतःला आणि दुसऱ्याला मोजत बसणं, याला लीगॅलिझम म्हणतात. मराठीत नियमवाद किंवा सरळ कर्मठपणा. ज्यानं घरात सोवळं-ओवळं पाहिलंय त्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. बायबलमध्ये हा शब्द नाही, गोष्ट मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. नियम असले की लीगॅलिझम झाला असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चूक आहे. रविवारी प्रार्थनेला जाणं, दारू सोडणं, उपास धरणं हे चांगलंच. पण ते करतो म्हणून मी तरलो आणि शेजारचा करत नाही म्हणून तो बुडाला असं मनात आलं, की तिथून हा प्रकार सुरू होतो.

हे भांडण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पहिल्याच पिढीतलं आहे. सुरुवातीचे शिष्य सगळे यहुदी, मग परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, लोक विश्वासात यायला लागले तेव्हा काहींनी अट घातली की आधी सुंता करा, मोशेचं नियमशास्त्र (यहुद्यांचा धर्मनियम) पाळा, नाहीतर तारण नाही. साधारण इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात यावर बैठक झाली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). तिथं येशूचा शिष्य पेत्र म्हणाला की जे जू आपल्या बापदादांना आणि आपल्यालाही झेपलं नाही ते यांच्या मानेवर कशाला ठेवता. शेवटी सुंतेची अट गेली, मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार यापासून दूर राहा एवढंच सांगितलं.

पण हाच पेत्र अंत्युखियात चुकला. परराष्ट्रीय भावांसोबत जेवायचा, आणि यरुशलेमातल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आल्यावर घाबरून त्यांच्या पंगतीतून बाजूला झाला, त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा ओढला गेला. प्रेषित पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं, ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मला हा प्रसंग या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, कारण वेगळी पंगत म्हणजे काय हे आपल्या गावांत कोणाला सांगायला नको. शिकवण तोंडपाठ असूनही ताट वेगळं केलं की माणूस तुटतो, आणि ख्रिस्त पुरेसा नाही असंच त्यातून बोलल्यासारखं होतं.

येशूनं तर शेतकऱ्याला पटेल असंच विचारलं की तुमचा बैल शब्बाथाच्या (यहुद्यांच्या विसाव्याच्या) दिवशी आडात पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश (देवाला द्यायचा दहावा हिस्सा) मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, हे त्यानं शास्त्री-परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्या आणि काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, तोंडावर सांगितलं. मात्र म्हणून सगळे यहुदी लीगॅलिस्ट होते असं धरणं बरोबर नाही. ई. पी. सँडर्स या अभ्यासकानं १९७७ मध्ये मांडलं की त्या काळच्या यहुदी धर्मातही निवड आधी देवाच्या कृपेनं होते आणि नियम पाळणं हे देवाशी झालेल्या त्या करारात टिकून राहण्यासाठी असतं. यावर वाद चालू आहेत, पण परूशी हा शब्द शिवीसारखा वापरणं आपण सोडायला पाहिजे.

विदर्भातल्या खेड्यांत हे वेगळ्या रूपात दिसतं. टिकली लावली, बांगड्या घातल्या म्हणून बाईला प्रार्थनेच्या संगतीत मागं बसवणं, आणि असे नियम बहुतेक वेळा बायांच्याच अंगावर येतात हे लक्षात घ्या. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला आणि नेमका रविवार निघाला तर तिफण धरायची का नाही? पोळ्याला बैल धुऊन सजवले तर ती मूर्तिपूजा झाली का? कोणी पूजेत हात जोडत नाही पण बैलाला पुरणपोळी चारतो, कोणाला तेवढंही नको वाटतं. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल अशाच दिवसांबद्दल आणि खाण्याबद्दल लिहितो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. आणि दशमांश. बोंडअळीनं पऱ्हाटी गेलेल्या वर्षी एखाद्या घराला, दशमांश दिला नाही म्हणून आशीर्वाद थांबला, असं म्हणणं ही नुसती चुकीची शिकवण नाही, तो त्या घरावर अन्याय आहे. पौलानं देणं मनापासून, जवळ असेल त्याप्रमाणं सांगितलंय, दाब देऊन नाही.

१५१७ नंतर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं देवापुढं विश्वासानंच नीतिमान ठरण्यावर जोर दिला तो यालाच धरून. पण त्याच ल्यूथरनं १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाची शिकवण देणाऱ्या पुस्तिकेत) सुरुवात दहा आज्ञांनी केली, आणि नियमशास्त्राची विश्वासणाऱ्याला गरजच नाही म्हणणाऱ्या योहान अग्रिकोलाशी वाद घातला. म्हणजे नियम फेकून देणं हे दुसरं टोक. याकोबाच्या पत्रात क्रियांशिवाय विश्वास निर्जीव म्हटलंय ते याच टोकासाठी, झाडाला फळ येतं तशी क्रिया विश्वासातून येते.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाप्तिस्म्याचा प्रश्न असाच समोर होता. काही लेकरांना बाप्तिस्मा देणारे, काही मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे. त्यांनी दोन्ही पद्धती ठेवल्या आणि एकाच मंडळीत बसले.