पार्श्वभूमी : काचेवरच्या रंगापासून स्क्रीनवरच्या अलार्मपर्यंत

हलक्या विमानातील आजच्या डिजिटल उपकरणाचे सेटिंग उघडले की हवेच्या दाबाचे एकक, वेगाच्या मर्यादा, तेलाच्या तापमानाचा अलार्म, स्क्रीनचा उजेड असे रकाने एकाखाली एक दिसतात. मोबाइलच्या सवयीमुळे ही सारी आवडीनिवडीची बाब वाटते. प्रत्यक्षात उजेडाचा रकाना सोडला, तर आवडीला फारसा वाव कुठेच नाही.

यांतील सर्वांत जुने सेटिंग दाबाचे. 1928 मध्ये उपकरणनिर्माते पॉल कोल्समन यांनी अचूक अल्टीमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा मापक, तयार केला. त्याच्या डायलवरील छोट्या खिडकीत त्या दिवशीचा दाब बटण फिरवून लावता येई. 24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता केवळ उपकरणांच्या भरवशावर उड्डाण करून विमान उतरवले, त्यात हा अल्टीमीटर होता. अमेरिकेत आजही दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. त्यामुळे तिकडून आलेल्या उपकरणाचे एकक आधी बदलून घ्यावे लागते. चूक किती महागात पडते, हे सोलापूरकरांना सहज उमगेल. दाब 1003 हेक्टोपास्कल असताना खिडकीत 1013 हा प्रमाण आकडा राहिला, तर उपकरण खऱ्यापेक्षा सुमारे 85 मीटर जास्त उंची दाखवते. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या वाटेत अडथळा ठरलेली, 15 जून 2023 रोजी पाडलेली साखर कारखान्याची चिमणी जवळपास तेवढीच उंच होती.

मर्यादांचे रंग नंतर रूढ झाले. वेगमापकावर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) उघडण्याच्या टप्प्यासाठी पांढरा पट्टा, नेहमीच्या उड्डाणासाठी हिरवा, फक्त शांत हवेत चालणारा पिवळा आणि कधीही न ओलांडायची तांबडी रेघ, ही पद्धत ठरली. अनेक उपकरणांवर या खुणा डायलवर न करता वरच्या काचेवर रंगवत. काच किंचित फिरली की साऱ्या मर्यादा खोट्या ठरत. म्हणून काच आणि तिची चौकट यांवरून एक बारीक पांढरी रेघ ओढत, आणि ती तुटक दिसली की काच सरकल्याचे कळे. डिजिटल उपकरणात चुकीचा आकडा भरला गेला, तर तो उघडा पाडणारी अशी रेघ नसते, हे मला या बदलातील खरे नुकसान वाटते.

आवाजी इशारा मात्र विजेवाचूनही देता येई. सेस्ना 172 या हलक्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल एकदम घटण्याच्या, जवळ गेले की तेथील हवेचा दाब घटतो, हवा ओढली जाऊन आतली पत्ती पिपाणीसारखी वाजते. हिला बंद करण्याचे बटणच नाही.

2003-04 च्या सुमारास सिरस आणि सेस्ना या कंपन्यांच्या हलक्या विमानांत मोठ्या स्क्रीन आल्या आणि तांबडा रंग तत्काळ धोक्यासाठी, पिवळा सावधगिरीसाठी हा जुना संकेत तसाच पुढे चालला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2010 मधील अभ्यासात अशा विमानांचे एकूण अपघात कमी, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण जास्त आढळले, आणि प्रत्येक उपकरणाचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस मंडळाने केली. कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानात इंजिनाच्या मर्यादा बहुधा कुलूपबंद असतात. हौसेने बांधलेल्या विमानात त्या मालक स्वतः भरतो.

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 अंशांवर गेला की धावपट्टीवरची हवा प्रमाण वातावरणातील सुमारे 5000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विमान हळू चढते, इंजिनाला वारा कमी मिळतो आणि तेलाचा अलार्म लवकर वाजतो. अशा वेळी नाक थोडे खाली करून वेग वाढवायचा असतो. अलार्मचा आकडा वाढवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण तो आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतून आलेला असतो. अडथळ्यांच्या इशाऱ्याची गत उलटी आहे. तो भरलेल्या माहितीवर चालतो, आणि उपकरणातील जुन्या माहितीत ती चिमणी नोंदलेली असेल, तर माहिती अद्ययावत करेपर्यंत स्क्रीनवर ती उभीच राहील.