कवकीय रोगकारकांच्या उत्क्रांतीतील संकर

दोन भिन्न जातींच्या, किंवा एकाच जातीतील दीर्घकाळ विलग राहिलेल्या वंशांच्या, कवकांचा (बुरशींचा) जनुकीय ऐवज एकत्र येऊन नवा वंश निर्माण होणे म्हणजे संकर. कवकांमध्ये तो लैंगिक मीलनाने होतो, तसाच केवळ कवकतंतू एकमेकांना जुळून केंद्रकांची देवाणघेवाण झाल्यानेही होऊ शकतो. बहुतेक संकरज, म्हणजे संकरातून जन्मलेले वंश, दुर्बल किंवा वांझ निघतात. तरीही वनस्पतींच्या व माणसांच्या काही गंभीर रोगांचे मूळ संकरात सापडले आहे, आणि त्यातील अनेक प्रसंगी पूर्वी कधी न भेटलेले कवक माणसाच्या व्यापारामुळे किंवा शेतीमुळे एकत्र आले होते.

याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण एल्म वृक्षांच्या मर रोगाचे आहे. ‘डच एल्म रोग’ या नावाने ओळखला जाणारा हा रोग १९१०च्या सुमारास वायव्य युरोपात दिसू लागला. त्याला कारणीभूत असलेले ऑफिओस्टोमा उल्मी हे कवक सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत पसरते. १९४०च्या दशकापर्यंत युरोपातील ही साथ बरीच ओसरली. मात्र त्यानंतर आलेल्या दुसऱ्या, कितीतरी अधिक विध्वंसक साथीमागे ऑफिओस्टोमा नोव्हो-उल्मी ही वेगळी जाती होती. ब्रिटिश वनस्पतिरोगतज्ज्ञ क्लाइव्ह ब्रेझिअर यांनी तिला १९९१मध्ये स्वतंत्र नाव दिले. ती १९६०च्या दशकात कॅनडातून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथील कोट्यवधी एल्म वृक्ष नष्ट झाले.

साथीच्या आघाडीवर ही नवी जाती जवळजवळ एकाच साच्यातील होती. एकसारख्या वसाहतींचे तंतू सहज जुळतात, आणि जुळलेल्या तंतूंतून कवकाला दुर्बल करणारे विषाणूही एका वसाहतीतून दुसरीत जातात. म्हणजे ज्या एकसाचीपणामुळे ती झपाट्याने पसरली, तोच तिच्या मुळावर येण्याची शक्यता होती. परंतु मागे पडत चाललेल्या जुन्या जातीशी तिचा क्वचित संकर झाला. त्यातून जन्मलेले संकरज टिकले नाहीत. पण ते नाहीसे होण्यापूर्वी नव्या जातीशी त्यांचा पुन्हा संकर होऊन जुन्या जातीची काही जनुके तिच्यात उतरली. विरुद्ध मीलन-प्रकाराचे (लैंगिक मीलनासाठी लागणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचे) जनुक आणि वसाहतींमध्ये विसंगती निर्माण करणारी, म्हणजे त्यांचे तंतू जुळू न देणारी, जनुके ही त्यांतील महत्त्वाची होत. परिणामी वसाहतींत विविधता आली व विषाणूंच्या प्रसाराला अटकाव झाला. येथे संकरज हा स्वतः रोगकारक ठरला नाही, तो केवळ पुलासारखा वापरला गेला. त्यामुळे संकराचे महत्त्व जिवंत राहिलेल्या संकरजांच्या संख्येवरून ठरवणे चुकीचे होईल.

गव्हावरील काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत मार्ग निराळा आहे. पक्सिनिया ग्रॅमिनिस या कवकाच्या गव्हावरील अवस्थेत प्रत्येक पेशीत दोन एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) केंद्रके शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता असतात. लैंगिक अवस्थेसाठी त्याला दारुहळदीच्या प्रजातीतील झुडपे लागतात. युगांडात १९९८मध्ये आढळलेल्या व पुढे ‘यूजी ९९’ या नावाने गाजलेल्या प्रकाराने एसआर ३१ हे प्रतिकारक जनुक निष्प्रभ केले. हे जनुक राय या धान्यातून गव्हात आणलेले होते, आणि भारतातील पीबीडब्ल्यू ३४३ या मोठ्या क्षेत्रावर पेरल्या गेलेल्या वाणातही ते असल्याने येथेही चिंता निर्माण झाली. यूजी ९९च्या दोन केंद्रकांपैकी एक, ऑस्ट्रेलियात १९५४पासून ज्ञात असलेल्या एका जुन्या वंशातील केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते, असे २०१९मध्ये जीनोमच्या (संपूर्ण जनुकीय ऐवजाच्या) अभ्यासातून दिसून आले. दोन्ही केंद्रकांतील गुणसूत्रांची सरमिसळ झाल्याच्या खुणा नसल्याने, लैंगिक मीलनाशिवाय एक अख्खे केंद्रक एका वंशातून दुसऱ्यात गेले असावे, हाच अर्थ निघतो.

ट्रिटिकेल हे पीक माणसानेच गहू व राय यांच्या संकरातून घडवले. भुरी रोगाला ते बराच काळ दाद देत नव्हते. २००१नंतर मात्र युरोपात त्यावर भुरी पसरू लागली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा भुरीचा प्रकार गव्हावरील व रायवरील भुरीच्या संकरातून उद्भवला असून, त्याच्या जीनोमचा सुमारे आठवा भाग रायवरील भुरीकडून आलेला आहे. पिकाच्या संकरामागोमाग कवकाचाही संकर व्हावा, हा योगायोग मानता येणार नाही: नवा आश्रयी (ज्यावर कवक वाढते ती वनस्पती) उपलब्ध होताच, दोन्ही जनकांच्या क्षमता एकत्र असलेल्या वंशाला तेथे वाव मिळाला.

काही रोगकारकांनी मात्र दोन्ही जनकांचे जीनोम कायमचे जपले आहेत. मोहरीवर्गीय पिकांवर वाढणारे व्हर्टिसिलियम लाँगिस्पोरम हे कवक असे द्विगुणित (दोन्ही जनकांचे गुणसूत्र-संच बाळगणारे) संकरज आहे. माणसात रोग निर्माण करणाऱ्या क्रिप्टोकॉकस आणि कँडिडा या प्रजातींतही संकरज रुग्णांच्या नमुन्यांत सापडतात. बाह्य रूपावरून अ‍ॅस्परजिलस निडुलन्स या कवक-जातीचे समजले गेलेले रुग्णांतील काही नमुने २०२०मध्ये जीनोम वाचल्यावर अ‍ॅस्परजिलस लॅटस या संकरज जातीचे निघाले. औषधांना प्रतिसाद देण्यात या जातीचे नमुने एकमेकांपासूनही भिन्न आढळले.