हुकूमशाहीचा उदय आणि सामान्य नागरिक

एखादा नेता न्यायालये, वृत्तपत्रे, निवडणूक यंत्रणा आणि विरोधी पक्ष यांना क्रमाक्रमाने निष्प्रभ करून सत्ता स्वतःच्या हाती एकवटू लागतो, तेव्हा सत्तेबाहेरची माणसे काय करतात, काय बोलतात आणि काय टाळतात, याचा विचार या विषयात होतो. पाठिंबा, जुळवून घेणे, मौन, देशत्याग आणि प्रतिकार अशी या वर्तनाची ढोबळ रूपे मानली जातात. माणसे मात्र या खान्यांत नीट बसत नाहीत. दिवसा कचेरीत निष्ठेची शपथ घेणारा रात्री बंदी घातलेले रेडिओ केंद्र ऐकत असतो.

पाठिंब्यात श्रद्धा किती आणि सोय किती, हे वेगळे काढणे अवघड असते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला, तेव्हा नाझी पक्षाचे सुमारे साडेआठ लाख सदस्य होते. मे महिन्यापर्यंत ही संख्या २५ लाखांच्या आसपास गेली आणि पक्षालाच नवी भरती थांबवावी लागली. नोकरी टिकवणारे, बढती शोधणारे आणि वाऱ्याची दिशा ओळखणारे यांचा या गर्दीत मोठा भरणा होता. इटलीत १९३१ मध्ये विद्यापीठांतील प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. सुमारे १,२०० जणांपैकी नकार देणारे डझनभरच निघाले. वुर्झबुर्ग येथील गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, जी दप्तरे नष्ट होण्यापासून बचावली, त्यांच्या अभ्यासातून आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली : अनेक प्रकरणांची सुरुवात शेजारी, सहकारी किंवा नातेवाईक यांनी आपणहून केलेल्या चुगलीतून झाली होती, आणि कित्येकदा त्यामागे घरगुती भांडण किंवा जुने वैर होते.

उघड्या डोळ्यांनी अशा नेत्याला मत देणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. राज्यशास्त्रज्ञ मिलान स्वोलिक यांच्या मते समाज तीव्रपणे दुभंगलेला असेल, तर आपल्या बाजूच्या नेत्याने लोकशाहीचे नियम मोडले तरी बहुसंख्य मतदार त्याला सोडत नाहीत, कारण समोरची बाजू निवडून येण्याची किंमत त्यांना जास्त वाटते. नेत्याच्या मोहिनीपेक्षा हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

मौनाची घडण अर्थशास्त्रज्ञ टीमूर कुरान यांनी उलगडली. शिक्षेच्या भीतीने प्रत्येक जण खरे मत लपवतो आणि इतरांचे मौन पाहून आपण एकटेच आहोत असे समजतो. त्यामुळे राजवट आहे त्याहून भक्कम भासते आणि कोसळते तेव्हा सगळ्यांनाच, विरोधकांनाही, आश्चर्याचा धक्का बसतो. २१ डिसेंबर १९८९ रोजी रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये तिथले हुकूमशहा चाउशेस्कू यांच्या समर्थनासाठीच भरवलेल्या सभेत हुर्यो उठली आणि दूरचित्रवाणीवरून ती देशभर पोहोचली. दुसऱ्या दिवशी चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाले.

म्हणून प्रतिकाराचे पहिले काम बहुधा एकमेकांना दिसणे हेच असते. पोलंडमध्ये लष्करी कायदा असताना, फेब्रुवारी १९८२ मध्ये, श्वीदनिक या गावातले लोक संध्याकाळी साडेसातच्या सरकारी बातम्यांच्या वेळी घराबाहेर पडून फिरू लागले. आपण बातम्या पाहत नाही हे दाखवायला काहींनी दूरचित्रवाणी संच रस्त्याकडे तोंड करून खिडकीत ठेवले. फिरायला जाणे हा गुन्हा नव्हता. अखेर अधिकाऱ्यांना संचारबंदीची वेळ अलीकडे आणावी लागली. नॉर्वेत १९४२ मध्ये नाझीधार्जिण्या क्विसलिंग सरकारने शिक्षकांवर नव्या संघटनेचे सदस्यत्व लादले. देशातील सुमारे १४,००० शिक्षकांपैकी बहुतेकांनी एकाच मजकुराचे नकारपत्र पाठवले. हजारावर शिक्षकांना अटक झाली, शेकडोंना उत्तरेकडे किर्केनेस येथे सक्तमजुरीला धाडले गेले. तरी बहुसंख्य शिक्षक हटले नाहीत आणि ती योजना बारगळली.

धैर्य हा राष्ट्रीय स्वभावाचा भाग असतो, हा समज एकट्या जर्मनीच्या इतिहासाने मोडून निघतो. मार्च १९२० मध्ये वोल्फगांग काप आणि बंडखोर सैनिकांनी बर्लिनचा ताबा घेतला. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. शहराची वीज, पाणी, वाहतूक थांबली. सरकारी अधिकाऱ्यांनी हुकूम पाळले नाहीत आणि मध्यवर्ती बँकेने काप यांना पैसे देण्यास नकार दिला. बंड पाच दिवसांत संपले. १९३३ मध्ये त्याच देशात असा संप झालाच नाही. सुमारे ६० लाख लोक बेकार होते, समाजवादी आणि साम्यवादी एकमेकांचे शत्रू बनले होते आणि नवा सत्ताधीश कायदेशीर नेमणुकीने आला होता. संघटना वाचवण्याच्या आशेने कामगार नेत्यांनी सदस्यांना सरकारी मे दिन सोहळ्यात सामील होण्याचे आवाहन केले. २ मे रोजी त्यांच्याच कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. पाच दिवसांत बंड मोडणारी माणसे तेरा वर्षांत भित्री झाली नव्हती. त्यांना एकत्र धरणारे दुवे तुटले होते.

देशत्यागाने राजवटीवरचा दबाव कधी हलका होतो, कारण विरोधकच निघून जातात. पण पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये ‘आम्हाला बाहेर जायचे आहे’ आणि ‘आम्ही इथेच राहणार’ या दोन्ही घोषणा लाइपझिगच्या रस्त्यांवर घुमल्या आणि एकमेकींना बळ देत गेल्या.

सत्ताधीशाने स्वतःच्या खात्रीवर घेतलेले मतदानही कधी त्याच्यावर उलटते. भारतात आणीबाणी शिथिल करून घेतलेल्या मार्च १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला. त्याआधी, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उघडपणे बोलल्या होत्या. पुढे त्यांना अटक झाली. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी लष्करी हुकूमशहा पिनोशे यांना नकार दिला.

राज्यशास्त्रज्ञ एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ आंदोलने तपासली. त्यांत अहिंसक आंदोलनांपैकी ५३ टक्के, तर सशस्त्र आंदोलनांपैकी २६ टक्के यशस्वी ठरली. अहिंसक मार्गात वृद्ध, स्त्रिया, नोकरदार असे सर्व थरांतील लोक उतरू शकतात आणि पोलीस व सैनिक यांच्या निष्ठा डळमळू लागतात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा नागरिक तडक संसद भवनापाशी जमले. आत पोहोचलेल्या १९० सदस्यांनी एकमताने तो रद्द करण्याचा ठराव केला. ४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाने युन यांना पदावरून दूर केले.